पील केल्यावर चेहऱ्याला हात लावण्याआधी: या चुका टाळा

संभाजीनगरला चेहऱ्याचं केमिकल पील (आम्ल लावून कातडीचा वरचा थर काढणं) करून आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी परभणीच्या बसमध्ये हनुवटीजवळचा पोपडा सुटला. टोक लोंबत होतं, हात गेलाच. ओढला तर अर्धाच निघाला आणि खाली लालभडक कातडी. तिथला काळपट डाग जायला तीन महिने लागले. डॉक्टरांनी बजावलं होतं, पण आपला हात ऐकतो का?

ग्लायकोलिक, सॅलिसिलिकसारख्या आम्लांच्या हलक्या पीलनंतर साल साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुटायला लागते आणि आठवड्याभरात आटोपते. टीसीएचं (ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड) जरा खोल पील असेल तर 7 ते 14 दिवस धरा. आपल्या सावळ्या कातडीला इजा झाली की ती तिथे जास्त रंग तयार करते, म्हणून ओढलेल्या जागी डाग उठतो. लोंबणारं टोक स्वच्छ, छोट्या कात्रीने कापा. बाकीचं आपोआप गळतं.

दुसरी चूक लग्नसराईची. हळदीला आठ दिवस उरले की नवरीला पील आठवतं! मग साल निघत असतानाच हळद, बेसन, उटणं चोळलं जातं. शेजारच्या काकू मायेनंच म्हणतात, "दही-लिंबू लाव गं, खाज जाईल." लिंबू म्हणजे आम्लच की, आधीच सोललेल्या कातडीवर! पील करायचंच असेल तर लग्नाच्या किमान महिनाभर आधी करा. आयुष्यातलं पहिलंच असेल तर त्याहून आधी.

स्कार्फ बांधला म्हणजे ऊन लागत नाही, हा चुकीचा समज आपल्याकडे पक्का आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, स्कूटीवर घामेजलेला सिंथेटिक स्कार्फ गालाला घासत राहतो, ते वेगळंच. जुन्या ओढणीचा मऊ सुती कपडा घ्या आणि त्याखाली एसपीएफ 30 किंवा जास्तचं सनस्क्रीन लावा. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर मावेल एवढं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. आणि चूल विसरू नका. भाकरी भाजताना तव्याची धग थेट तोंडावर येते. वांग असेल तर तो तिने वाढू शकतो. चार-पाच दिवस भाकरी दुसऱ्या कुणी थापली तर आभाळ कोसळत नाही.

बोअरच्या जड पाण्याने माझी कातडी ताणल्यासारखी व्हायची. जारच्या पाण्याने, बिनसाबणाच्या फेसवॉशने चेहरा धुतला आणि ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावलं, तेव्हा बरं वाटलं.

रेटिनॉलचं क्रीम, स्क्रब, ब्लीच, वॅक्स, थ्रेडिंग हे सगळं साल पूर्ण निघेपर्यंत बंद. परत कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारूनच. मेडिकलवाल्याने दिलेली 'गोरं करणारी' ट्यूब तर नकोच. तसल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. लाली लवकर उतरते, पण वापर लांबला की कातडी पातळ होते आणि पुरळ उठतं.

थोडी आग, ताण, खाज चालते. पण दुखणं दिवसागणिक वाढत असेल, फोड किंवा पू दिसला, पिवळ्या खपल्या धरल्या, डोळे सुजले किंवा ओठांजवळ बारीक पाणीदार फोडांचा झुपका आला, तर "उद्या बघू" म्हणू नका. उजेडात फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि त्याच दिवशी दाखवायला जा. ओठांवर असे फोड पूर्वी कधी येऊन गेले असतील तर पीलच्या आधीच सांगा, म्हणजे गरज वाटल्यास ते गोळ्या आधी सुरू करतात.