एक्स-रे रिपोर्टमधलं फ्रॅक्चर कसं ओळखायचं
आधी स्किन बघा, हाड मोडलंय तिथेच जखम असेल तर ते ओपन फ्रॅक्चर धरायचं, जखम एवढीशी का असेना, कारण इन्फेक्शन थेट हाडापर्यंत जाऊ शकतं, सरळ हॉस्पिटल गाठायचं. ओपन फ्रॅक्चर किती गंभीर ते गस्टिलो ग्रेडने सांगतात, त्यात ग्रेड 1 म्हणजे 1 सेंटिमीटरपेक्षा लहान, स्वच्छ जखम. मग हाड मोडल्याची रेष बघा. आडवी ती ट्रान्सव्हर्स, तिरकी ऑब्लिक, हाडाभोवती फिरत गेलेली स्पायरल, बरेच तुकडे झाले तर कम्युनिटेड. डिस्प्लेस्ड म्हणजे टोकं जागेवरून सरकलीत, मला विचाराल तर रिपोर्टमध्ये हाच शब्द आधी शोधा. लहान मुलांचं वेगळंच, ओल्या काडीसारखं हाड एका बाजूने तडकतं आणि दुसरीकडे नुसतं वाकतं, ते ग्रीनस्टिक. ग्रोथ प्लेटला, म्हणजे हाडाच्या टोकाजवळ जिथून ते वाढतं त्या भागाला लागलं, तर त्या फ्रॅक्चरचे सॉल्टर-हॅरिस या वर्गीकरणात 5 टाइप. आणि हो, हेअरलाइन, म्हणजे केसासारखी बारीक चीर, तेपण फ्रॅक्चरच असतं, मुका मार समजून चोळत बसू नका.