कोनाडे बुजवून भिंतीवर ‘थ्रीडी’ डकवू नका

बेळगावात शहापूर-वडगावकडची जुनी घरं पुढून अरुंद, आत लांबलचक. बाजूच्या भिंती शेजाऱ्यांना लागून, त्यामुळे उजेड येणार तो दारातून नाहीतर परड्यातून, म्हणजे मागच्या अंगणातून. पण जांभ्याची भिंत दीड फुटाची, त्यात कोनाडे, आणि सोपा (पुढची ओसरी), माजघर, परडं अशी एका रेषेत दारं. म्हणजे लोक जो खोलपणा विकत आणायला निघतात, तो घरात आधीच असतो. नूतनीकरणात पहिला घाव नेमका त्याच्यावर बसतो. नऊ इंची कोनाडा विटांनी भरायचा आणि वर अर्ध्या इंचाच्या उठावाचं ‘थ्रीडी’ म्हणवणारं पीव्हीसीचं, म्हणजे प्लास्टिकचं पॅनेल लावायचं, हा कुठला हिशेब?

शहापुरातल्या एका घराची गत सांगण्यासारखी आहे. परड्याकडच्या भिंतीतले कोनाडे मेच्या अखेरीस बुजवले. गिलाव्यावर पंधरा दिवसांत पुट्टी, लगेच पॅनेल. गणपतीला पाहुणे यायचे होते ना! जुलैत माजघरात कुबट वास सुटला, मग पॅनेलच्या सांध्यांतून काळी बुरशी डोकावली. पॅनेल ओढलं तर पुट्टीच सोबत निघून आली. गिलावा ओला होता, जांभा पावसाचं पाणी पितो, आणि वरून प्लास्टिकनं ओल कोंडली. गवंड्याला शिव्या घालून उपयोग नाही, घाई घरमालकाची होती.

भिंतीची परीक्षा सोपी आहे. फूटभर पॉलिथिन चारही कडांनी टेपनं घट्ट चिकटवा, दोन दिवसांनी बघा. आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीत आहे. आधी बाहेरचा गिलावा, पन्हाळ, गच्चीची गळती बघा. फक्त बाहेरून थेंब असतील तर दमटपणा हवेतला. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस द्या. रंगकाम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. श्रावणात हात शिवशिवत असतील तर सामान हलवा, दिवे बदला, भिंतीला हात लावू नका.

कोनाडा राहिलाच असेल तर त्याची पाठ भिंतीपेक्षा दोन छटा गडद ठेवा. वरच्या कडेच्या आत तीन वॅटचा पिवळसर दिवा असा लपवा की बल्ब दिसणार नाही, उजेड पाठीवर पडेल. आत वस्तू दोनच, एक पुढे, एक मागे. खानापूरचं मातीचं भांडं छान दिसतं. सात-आठ शोभेच्या वस्तू कोंबल्या की कोनाड्याचं कपाट होतं.

दुसरी लाडकी चूक म्हणजे छताच्या मधोमध एकच पांढरीशुभ्र ट्यूब. सगळीकडे सारखा उजेड पडला की सावली मरते, आणि सावलीशिवाय डोळ्याला जवळ-लांब नीट कळत नाही. तीन दिवे तीन उंचीवर लावा: एक बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला, एक भिंतीवर, एक घराच्या टोकाला. 2700 ते 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर उजेडाचे, सगळे एकाच छटेचे. उघड्या जांभ्यावर दिवा भिंतीपासून वीतभर अंतरावरून सोडला की दगडाचं छिद्रन्‌छिद्र उठून दिसतं. पुट्टीच्या भिंतीवर हाच प्रयोग केलात तर पेंटरच्या पत्र्याचा प्रत्येक फटकारा दिसेल. तिथे दिवा दोन-अडीच फूट लांब ठेवा.

सोपा आणि माजघर यांच्यामध्ये टीव्ही युनिटची भिंत उभारू नका, परड्यापर्यंतची नजर तुटते. कौलारू घराला पीओपीचं छत नको; वासे दिसू द्या. पडद्याचा रॉड चौकटीच्या सहा इंच वर, दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर. सोफा भिंतीला चिकटवू नका, चार बोटं पुढे ओढा.

आरसा चपलांच्या रॅकसमोर नको, खिडकी पकडेल असा लावा. काच पाच मिलिमीटरची घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं चिकटवायचं सिलिकॉन आरशाच्या पाठीचा लेप खातं, म्हणून न्यूट्रल सिलिकॉनच मागा. भिंत आणि आरसा यात बोटभर फट सोडा, नाहीतर दोन पावसाळ्यांत कडा काळ्या पडतात.

आणि भिंत फोडून वायरिंग करण्याआधी आठवडाभर एक्स्टेन्शन बोर्डावर क्लिपचा दिवा लावून जागा बदलून बघा. इलेक्ट्रिशियन कुरकुर करेल, करू द्या.