डायलिसिसचा पेशंट आणि ओपन हार्ट: पंपावर या चुका टाळा

डायलिसिसवरचा पेशंट टेबलावर असला की नवीन पोरं पहिल्या तासात एकदा तरी युरिन बॅगकडे बघतातच. सवय असते. बॅग रिकामीच असणार आहे, बाळांनो. प्राइम (पंपाच्या नळ्या आधी भरून ठेवायचं द्रव), कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवायचं द्रव), रक्त, अँटिबायोटिकचं पाणी, जे आत जाईल ते आतच राहणार. काढायचं तर आपणच काढायचं. मी हार्ट-लंग मशीन, म्हणजे हा पंप, चालवतो आणि त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जुनी समजूत: "किडनीचा पेशंट आहे, आरएल (रिंगर लॅक्टेट) नको, त्यात पोटॅशियम असतं." असतं ना, लिटरला ४ मिलीइक्विव्हॅलंट. पेशंटचं ५.५. त्यात ४ वालं मिसळून ते ६ कसं होईल, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. उलट नॉर्मल सलाइनमध्ये क्लोराइड १५४, रक्तात साधारण १००. दोन-तीन लिटर ओतलं की रक्त आम्लाकडे झुकतं आणि पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. २००५ साली अमेरिकेत किडनी ट्रान्सप्लांटच्या ५१ पेशंटवरचा अभ्यास छापून आला. सलाइनवाल्या २६ पैकी ५ जणांचं पोटॅशियम ६ च्या वर गेलं, आरएलवाल्यांत एकाचंही नाही. तरी आमच्याकडे आजही प्राइमला सलाइन घेऊन कुणीतरी उभा असतोच. मी आरएलच घेतो, ट्यूबिंग जमेल तितकी आखूड ठेवतो आणि पंप सुरू करण्याआधी प्राइममधलं पाचेकशे मिली पेशंटच्याच रक्ताने मागे ढकलून काढून टाकतो. पाच मिनिटं लागतात. तेवढाही धीर नसलेल्यांनी दुसरं काम बघावं.

दुसरी चूक मला रात्री झोपेतही दिसते. मायट्रल व्हॉल्व्ह बदलायचा होता, सोमवारची केस. शेवटचं डायलिसिस शनिवारी झालेलं. रविवारी करून घ्या म्हणून कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. हिमोग्लोबिन कमी म्हणून रक्ताच्या दोन जुन्या, पोटॅशियम झिरपलेल्या पिशव्या न धुताच पंपात घातल्या. त्यावर कार्डिओप्लेजिया. त्याचा तर धंदाच पोटॅशियमवर चालतो, डेल निडो प्रकारात लिटरला २५ च्या आसपास असतं. एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) आला: पोटॅशियम ६.९.

माझा ज्युनियर म्हणाला, "सर, पंपाला पाणी काढायचा फिल्टर लावलाय, दीड लिटर निघालं." बाटलीत छान पिवळं पाणी जमत होतं, लघवी झाल्यासारखं. पोरगा खूश. पुन्हा सँपल लावलं: ६.९.

आमटी खारट झाली म्हणून दोन पळ्या काढून टाकल्या तर उरलेली अळणी होते का? फिल्टरमधून जे पाणी निघतं त्यात पोटॅशियम रक्तातल्याइतकंच असतं. आकारमान घटतं, आकडा तिथेच. आकडा उतरवायचा तर जितकं काढाल तितकंच पोटॅशियम नसलेलं द्रव परत घालावं लागतं. तेही नुसतं सलाइन नको, नाहीतर बायकार्बोनेट धुऊन जातं आणि वर सांगितलेलं रामायण पुन्हा सुरू. सीआरआरटीच्या (आयसीयूतलं संथ, सलग डायलिसिस) पोटॅशियम नसलेल्या पिशव्या हव्यात. त्या दिवशी ओटीत एकही नव्हती. डायलिसिस युनिटमधून वॉर्डबॉय मामा धावत घेऊन येईपर्यंत सर्जनने व्हॉल्व्ह शिवूनही टाकला होता. महाधमनीवरचा क्लॅम्प काढला तर हृदय रुंद, आळशी ठोके टाकत बसलं. बाहेरून ठोके देणारी पेसिंग वायर लावली, तीही धरेना. तसंच पंपावर ठेवून पाच लिटर काढले, पाच लिटर घातले. ५.४ ला आल्यावर वायर धरली आणि ज्युनियरने माझ्याकडे बघितलं. मी त्याला काही बोललो नाही. शनिवारची चूक त्याची नव्हती.

तेव्हापासून अशा केसच्या आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन चार पिशव्या आणून ठेवतो. पहिलं वजन डायलिसिसनंतरचं विचारतो. पिशवीतलं रक्त ताजं मागतो आणि सेल सेव्हरमध्ये (रक्तपेशी धुणारं मशीन) धुऊनच घालतो. राइट एट्रियम उघडं असेल तर कार्डिओप्लेजियाचं परत येणारं पाणी वॉल सक्शनने फेकून द्यायचं, माझ्या रिझर्व्हॉयरमध्ये (पंपाची रक्ताची टाकी) नाही. सर्जन कुरकुर करतात. करू देत.

बाकीच्या थोडक्यात. लघवीच होत नाही त्याच्या प्राइममध्ये सवयीने मॅनिटॉल (लघवी वाढवणारं औषध) घालू नका, ते बाहेर पडायला वाटच नाही. पोटॅशियमचा अचानक ७ आकडा आला तर आधी सँपलमधल्या रक्तपेशी फुटलेल्या नाहीत ना ते बघा. सोडियम आधीच १२२ असेल तर बायकार्बच्या अँप्युल मोजून घाला, त्यातही सोडियमच असतं, तासाभरात १४० केलंत तर मेंदू भोगतो. इन्सुलिन-डेक्स्ट्रोज दिलं असेल तर आयसीयूला बजावून सांगा: किडनी नसलेल्यात इन्सुलिन रेंगाळतं, शुगर चार तासांनीही कोसळते.

आणि फिस्टुलाचा हात, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला. त्यावर ना कफ, ना आर्टेरियल लाइन, ना ड्रेपखाली दाबून ठेवलेला. शिफ्ट करायच्या आधी मी ड्रेप उचलून थ्रिल (फिस्टुलातल्या प्रवाहाची थरथर) बोटाने बघतो. लागली नाही, तर सर्जन हात धुवायला जायच्या आत त्यांना परत बोलावतो.