सीमारेषा कुणी आखली, हे आधी विचारा

पदव्युत्तर अभ्यासाला मानवी भूगोल घेतला तेव्हा वाटलं होतं, पदवीला शिकलेलंच आता जरा खोलात शिकायचं. व्हॉन थ्युनेनची बाजारपेठेभोवतीच्या शेतीची वर्तुळं, ख्रिस्टालरचे बाजारक्षेत्रांचे षट्कोन, रॅव्हनस्टाइनचे स्थलांतराचे नियम. नावं तीच राहिली, पण प्रश्न बदलला. पहिल्याच चर्चासत्रात विचारलं गेलं: ख्रिस्टालरने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या वस्त्यांवरून केंद्रस्थान सिद्धांत (सेवा पुरवणारी लहानमोठी गावं-शहरं कुठे आणि किती अंतरावर असतात, याचा) मांडला, तेव्हा त्याने काय काय गृहीत धरलं होतं? सपाट जमीन, सारखी पसरलेली लोकसंख्या, सगळ्यांची सारखी ऐपत. आता यातलं एकेक गृहीतक काढून घ्या आणि मागे काय उरतं ते सांगा. सिद्धांत पाठ होता, तरी दोन वाक्यांपुढे मला बोलता आलं नाही. पुढची दोन वर्षं अभ्यास असाच चालतो, म्हणून वाचताना समासात गृहीतकं लिहायची सवय पहिल्या आठवड्यापासून लावून घ्या.

प्रादेशिक भूगोलाबद्दल नवख्यांची हमखास गल्लत होते. हवामान, माती, पिकं, लोक, उद्योग अशी ओळीने माहिती भरली की प्रदेशाचा अभ्यास झाला, असं वाटतं. प्रत्येक प्रदेश एकमेव मानून त्याचं वर्णन करायचं, की सगळीकडे लागू पडणारे नियम शोधायचे, हा वाद या विषयाच्या मुळाशी आहे. प्रदेशाच्या वेगळेपणावर भर देणाऱ्या हार्टशॉर्नच्या भूमिकेवर, नियम शोधायला हवेत म्हणणाऱ्या शेफरने केलेली टीका १९५३ साली, त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. दोन्ही बाजू मुळातून वाचा. माझ्या मते तो वाद अजून मिटलेला नाही, आणि प्रबंधाचा विषय ठरवताना तुम्हालाही कुठल्या तरी बाजूला थोडं झुकावं लागतंच.

माझा विषय होता आरोग्य केंद्रापर्यंतचं अंतर आणि केंद्राचा वापर. मोठ्या प्रशासकीय विभागांची आकडेवारी तयार मिळत होती, ती घेतली. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात याचं माप, भक्कम आला: अंतर वाढलं की वापर कमी. प्रकरण लिहूनही झालं. मार्गदर्शकांनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, "हेच लहान घटकांवर करून बघ." सीमांच्या फाइल जुळवण्यातच दोन आठवडे गेले, कारण मधल्या काळात काही घटक फोडले होते, काही जोडले होते. नवा सहसंबंध जेमतेम निम्मा निघाला. लोक तेच, केंद्रं तीच, फक्त रेषा वेगळ्या.

ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये हे फार ठळकपणे दाखवलं होतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या ९९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) वेगवेगळ्या तऱ्हेने एकत्र करून त्यांनी वृद्धांचं प्रमाण आणि रिपब्लिकन पक्षाच्या मतांचं प्रमाण यांचा सहसंबंध काढला. गट कसे पाडले यावर तो जवळजवळ उणे एकपासून (पूर्ण उलटं नातं) अधिक एकपर्यंत (पूर्ण सरळ नातं) कुठेही जात होता. हे मी आधी वाचलं असतं तर ते प्रकरण दोनदा लिहावं लागलं नसतं. सोबत रॉबिन्सनचा १९५० चा लेखही वाचा. विभागाच्या सरासरीवरून त्यातल्या एकेका माणसाबद्दल निष्कर्ष काढणं किती धोक्याचं, ते त्यात आकड्यांनिशी दिसतं.

मग प्रश्नावली घेऊन बाहेर पडले. एका बाईंच्या घरापासून केंद्र नकाशावर आठशे मीटर. माझ्या हिशेबात हे 'जवळ'. त्या म्हणाल्या, "लांब कुठे आहे? पण ते उघडतं तेव्हा मी कामावर, आणि मी सुटते तेव्हा त्याला कुलूप." माझ्या प्रश्नावलीत वेळेचा रकानाच नव्हता. हेगरस्ट्रांडने १९७० मध्ये मांडलेला काळ-अवकाशाचा विचार परीक्षेपुरता येत होता: माणसाला अंतराइतकीच इतरांशी वेळ जुळवण्याची आणि नियमांची बंधनं अडवतात. तो खरा कळला त्या उंबऱ्यावर.

बाकी तयारीचं थोडक्यात सांगते. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि आकडेवारी एकत्र हाताळायची पद्धत, लवकर शिका, पण प्रश्न हातात असल्याशिवाय तासन्‌तास त्यात घालवू नका. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि प्रबंधाला पुरतं. मुलाखतीला जाण्याआधी संमतीपत्र, आणि दहा-बारा जणांवर प्रश्नावलीची चाचणी. मी चाचणी टाळली होती, म्हणून वेळेचा रकाना राहिला. क्षेत्रकामाची टिपणं त्याच रात्री उतरवून काढा. दोन दिवसांनी आकडे आठवतात, पण बोलणाऱ्याचे शब्द हातून गेलेले असतात.

प्रबंधात शेवटी दोन नकाशे शेजारी शेजारी छापले. एक अंतराचा, दुसरा संध्याकाळी सहानंतर उघड्या असणाऱ्या केंद्रांचा. पहिला जवळपास पूर्ण रंगलेला होता, दुसऱ्यावर मोठा भाग कोराच राहिला. तोंडी परीक्षेचा बहुतेक वेळ त्या कोऱ्या भागावर बोलण्यात गेला.