साखरेच्या पेशंटने डोळ्याचा पडदा कसा तपासून घ्यावा

वावराच्या धुऱ्यावरून गडी ओळखू येतो, म्हणून पडदा चांगलाच असेल असं धरून चालू नका. साखरेमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात तेव्हा काहीच दुखत नाही. पडद्याच्या मध्यभागी सूज येईपर्यंत नजरही बहुधा शाबूत असते. चष्म्याचा नंबर काढणं ही पडद्याची तपासणी नव्हे. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते, नाहीतर फंडस कॅमेऱ्याने, म्हणजे डोळ्याच्या आतलं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, पडद्याचा फोटो काढावा लागतो.

टाइप २ मधुमेह निघाला की लगेच पहिली तपासणी करा, मग दरवर्षी. टाइप १ असेल तर पाच वर्षांनी सुरुवात चालते. साखर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच दाखवा. कापसाची वेचणी लागली की कुणाला सवड नसते, म्हणून पोळ्याच्या सुमारास उरकून घ्या. नागपूरच्या मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलात तर ‘थेंब टाकून पडदा पाहायचा आहे’ असं स्पष्ट सांगा.

उपाशी जाऊ नका, गोळ्या-इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्या. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) आणि बीपीचे कागद सोबत ठेवा. बाहुली मोठी व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. जुन्या साखरेत ती हट्टी असते, थेंब पुन्हा टाकावे लागतात. पुढचे ४ ते ६ तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सोसवत नाही. गाडी चालवू नका, घरचं एक माणूस न्या. संध्याकाळी डोळा ठणकून लाल झाला, उलटी झाली, तर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मोतीबिंदू पिकला असेल तर आतलं दिसत नाही. अशा वेळी ऑपरेशनआधी सोनोग्राफीने पडदा पाहायला सांगा. नाहीतर भिंग बसूनही नजर येत नाही आणि बोल ऑपरेशनला लागतो.

पडदा बिघडला असेल तर लेसर करतात. गेलेली नजर त्याने परत येत नाही, उरलेली वाचते. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ मध्येच दाखवलं की, वाढलेल्या आजारात लेसरमुळे नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो. मध्यभागी सूज असेल तर डोळ्यात इंजेक्शन देतात, सुरुवातीला बहुधा दर महिन्याला. दोन इंजेक्शनांनी बरं वाटलं की लोक तिसरं सोडतात, आणि सूज परत येते. इंजेक्शननंतर आठवडाभरात दुखणं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी परत जा.

औषधाइतकीच साखर आवरणं महत्त्वाचं. ब्रिटनमधल्या १९९८ च्या अभ्यासात सरासरी एचबीए१सी ७.९ ऐवजी ७.० राहिलं, तेवढ्याने बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले.

घरी आठवड्यातून एकदा जवळचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, फूटभर अंतरावरून कॅलेंडरच्या चौकटी पाहा. मग दुसरा डोळा. रेषा वाकड्या दिसल्या तर तपासणीची तारीख अलीकडे घ्या. अचानक काळे ठिपके उसळले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर शिबिराची वाट पाहू नका. मिळेल त्या एसटीने त्याच दिवशी निघा.