गोव्यातून अमेरिकेच्या कॉलेज हॉकीपर्यंत: नववीपासून काय करायचं

मुलग्यांच्या आईबापांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. अमेरिकेत कॉलेजच्या पातळीवर फील्ड हॉकी हा मुलींचा खेळ आहे. कॉलेजांच्या स्पर्धा चालवणारी एनसीएए फक्त मुलींची हॉकी स्पर्धा घेते. मुलगे खेळतात ते क्लबात, तेही पदरमोड करून. तेव्हा "मॅडम, माझ्या मुलाचंही बघा ना" असं म्हणत मागे लागू नका, माझ्या हातात काही नाही.

मी म्हापशाला पेडेच्या टर्फवर मुलींना शिकवते. माझ्या काळात मी गोलकीपर होते, त्यामुळे बोलायची सवय दांडगी. मुलींना पहिलं सांगते ते हे: तिथल्या कोचला तुझं राज्य स्पर्धेचं मेडल दिसणार नाही. तिला दिसणार तुझा व्हिडिओ आणि तुझी नववीपासूनची मार्कशीट. मेडलं शोकेसमध्ये राहू देत.

मार्कशीटचं आधी बघू, कारण घोळ तिथेच होतो. एनसीएएने कॉलेजांचे तीन गट केलेत, त्यातला वरचा तो डिव्हिजन वन. तिथे खेळायला एनसीएए नववी ते बारावीचे 16 मुख्य विषय मोजते: इंग्रजीची चार वर्षं, गणिताची तीन, विज्ञानाची दोन, समाजशास्त्रांची दोन आणि उरलेले इतर. सरासरी 4 पैकी निदान 2.3 लागते. आता गणिताचा हिशेब कर. नववी आणि दहावी मिळून झाली दोनच वर्षं. तिसरं अकरावीत घ्यावं लागतं. हायर सेकंडरीला आर्ट्स घेऊन गणिताला रामराम ठोकलास, तर खेळ कितीही चांगला असला तरी डिव्हिजन वनचा दरवाजा बंद. डिव्हिजन टूला गणिताची दोन वर्षं पुरतात आणि सरासरी 2.2. डिव्हिजन थ्रीत प्रवेशाचे निकष ज्या त्या कॉलेजचे. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट एनसीएएने 2023मध्ये काढली, पण काही कॉलेजांना ती परीक्षा अजून लागते. टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा तर धरूनच चाल.

आणखी एक. बारावी झाल्यावर "एक-दोन वर्षं नुसती हॉकी खेळते, मग बघू" असं करायचं नाही. डिव्हिजन वनला सवलत साधारण एका वर्षाची असते. त्यापुढे स्पर्धा खेळत राहिलीस तर तिथे खेळायची वर्षं कापली जातात.

आता व्हिडिओ. याच्यावर मी मुलींचं डोकं खाते, कारण पेडेच्या गॅलरीतून मोबाइलवर काढलेले बहुतेक व्हिडिओ बघण्यासारखे नसतात. पप्पा बॉलच्या मागे कॅमेरा फिरवतात, त्यात मुलगी दिसतच नाही, वर मागून "मार गो, मार!" हा आरडाओरडा. मोबाइल ट्रायपॉडवर, गॅलरीच्या वरच्या पायरीवर, मध्यरेषेच्या समोर ठेवायचा. अर्धं मैदान फ्रेममध्ये आलं पाहिजे. ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागे असू दे. कापून तीन-चार मिनिटांचा करायचा आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी चित्र थांबवून स्वतःभोवती गोल काढायचा. सगळ्यात चांगलं पहिल्या अर्ध्या मिनिटात, कारण कोच त्यापुढे बघेलच असं नाही. गाणं लावू नये. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्यायची, कारण कापलेल्या व्हिडिओत कुणीही ध्यानचंद दिसतं हे कोचला ठाऊक असतं.

काय दाखवायचं? आपल्या मुली तिघींना डॉज मारून आत घुसतात आणि चौथीपाशी बॉल घालवतात. इथे टाळ्या पडतात, तिथे कोच कपाळाला हात लावते. तिला बघायचं असतं की बॉल मिळायच्या आधी तू मान वळवून मागे पाहिलंस का, पहिला ट्रॅप स्वच्छ आहे का, बॉल गेल्यावर पाच पावलं मागे पळालीस की कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. बॉल गेल्यानंतर प्रतिस्पर्ध्याला कोंडतानाचा एक तरी तुकडा घालच. आणि बोल! हॉलंड, जर्मनी, अर्जेंटिनाच्या मुली त्याच जागांसाठी धडपडत असतात आणि त्या मैदानावर सतत बोलतात. आमच्या पोरी बसमध्ये कान किटेपर्यंत बडबडतात, मैदानात मात्र मौनव्रत. गोलकीपर असशील तर गोलच्या मागूनचे तुकडे वेगळे घे. पेनल्टी कॉर्नर अडवताना पाय कुठे होते ते तिथूनच कळतं.

ईमेल मुलीनेच लिहायचा, पप्पांनी नाही. विषयात नाव, बारावीचं वर्ष, मैदानावरची जागा आणि इंडिया. आत सात-आठ ओळी: कुठे खेळतेस, मार्क किती, व्हिडिओची लिंक, आणि त्याच कॉलेजला का लिहितेस. शेवटची ओळ खरी असली पाहिजे. त्यांचा एखादा सामना बघून लिही. शंभर कॉलेजांना एकच मजकूर गेला की वाचणाऱ्याला लगेच वास येतो. कोचचा पत्ता कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या साइटवर असतो, तिथलाच प्रश्नावलीचा फॉर्मही भरायचा. डिव्हिजन वनच्या कोचला दहावीनंतरच्या 15 जूनपर्यंत भरतीबद्दल उत्तर द्यायची परवानगीच नसते, म्हणून त्याआधी उत्तर आलं नाही तर रडत बसू नको. व्हिडिओ कॉल ठरला तर वेळ नीट बघ: तिथल्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. सराव त्या दिवशी लवकर उरक.

पैशांचं पालकांनी वाचावं. पूर्ण शिष्यवृत्ती विरळा. बहुतेकींना तुकडा मिळतो. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येल वगैरे आठ जुन्या नामवंत कॉलेजांचा गट) खेळाची शिष्यवृत्ती नसतेच, मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर मदत मिळते, आणि ती कधी कधी खेळाच्या तुकड्यापेक्षा मोठी असते. बऱ्याच खाजगी कॉलेजांत वर्षाचा एकूण खर्च 80,000 डॉलरच्या पुढे जातो, त्यामुळे "40 टक्के मिळाली" ऐकून पेढे वाटू नका, उरलेल्या 60 टक्क्यांचा आकडा काढा. 2025-26पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या डिव्हिजन वन कॉलेजांना हॉकी संघात 27च मुली ठेवता येतात, म्हणजे "नुसती संघात घ्या, पैसे नकोत" म्हणणाऱ्यांनाही जागा कमी. कोचने फोनवर दिलेला शब्द हा शब्दच, लेखी करार येईपर्यंत इतर कॉलेजांना लिहीत राहायचं. आणि मिळालेल्या शिष्यवृत्तीतून टक्केवारी मागणारा एजंट भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका, एनसीएएच्या नियमात ते बसत नाही. खेळण्याचे पैसे देणारा कुठलाही करार सही करण्यापूर्वी एनसीएएच्या पात्रता केंद्राला विचारा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, जिला भारताची जर्सीच घालायची आहे तिने हा रस्ता धरू नये. निवडीची शिबिरं इथे होतात, रेल्वेची नोकरीही इथे. गोमंतकीय कुटुंबातल्या एलिझा नेल्सनने 1982च्या एशियाडमध्ये भारताला सुवर्ण जिंकून दिलं ते इथल्याच मैदानांवर घडून. पण जिला डिग्री हवी आहे आणि हॉकीही सोडायची नाही, तिच्यासाठी हा सौदा चांगला आहे.

प्रवेश पक्का झाला की कॉलेज आय-20 हा व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद पाठवतं, त्यासाठी बँकेत पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) 350 डॉलर फी, मग मुंबईच्या वकिलातीत एफ-1 या विद्यार्थी व्हिसाची मुलाखत. तारीख मिळायला वेळ लागतो, आय-20 हातात आल्या दिवशीच तारीख घ्यायला बसा. मोसम ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो आणि सराव त्याच्याही आधी, म्हणजे गणपतीच्या चवथीला मुलगी घरी नसणार. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला दुसरं कुणी बघून ठेवा. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या जास्तीत जास्त 30 दिवस आधी अमेरिकेत शिरता येतं, तिकीट त्या हिशेबाने काढा. स्टिक केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनच्या बॅगेत घाला. गोलकीपरचे पॅड बहुतेक कॉलेजंच देतात, पण न्यायच्या आधी कोचला विचारून घ्या, नाहीतर दाबोळीला वजनाचे पैसे भराल.