दोन नेट लाईन असतील तर मीटिंग एकीवर, डाउनलोड दुसरीवर

घरात फायबर आहे आणि केबलवाल्याची दुसरी लाईन पण आहे, तरी बरेच जण दुसरी नुसती पडून ठेवतात, पहिली गेली की वायफाय बदलायचं एवढंच. अहो पैसे दोन्हीचे भरताय ना, मग दोन्ही एकदमच चालवा, विंडोज लॅपटॉपवर काही विकत न घेता जमतं. फक्त दोघींचा स्पीड मिळून एक होत नाही, कुठलं काम कुठल्या लाईनने जाईल एवढंच आपण ठरवतोय.

आधी दोन्ही राउटरचे पत्ते बघा. दोन्हीचा 192.168.1.1 असेल (खूपदा असतो) तर सगळा गोंधळ होतो, म्हणून केबलवाल्याच्या राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन तो 192.168.2.1 करून टाका. मग फायबर लॅन केबलने जोडा आणि दुसरी लाईन वायफायवर, ती स्वतःहून कनेक्ट झाली नाही तर हाताने करा.

आता मेट्रिक, म्हणजे विंडोज कुठली लाईन आधी वापरेल ते ठरवणारा आकडा. ncpa.cpl रन करा, नेटवर्क कनेक्शनची यादी उघडेल, त्यात लॅनवर (इथरनेट) राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही4, परत प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, तिथली ऑटोमॅटिक मेट्रिकची टिक काढून 10 टाका, वायफायला 50. आकडा लहान ती लाईन आधी. आयपीव्ही6 ला पण हेच करा, हे हमखास राहून जातं आणि मग काही साइट भलत्याच लाईनने उघडतात.

मीटिंग मेन लाईनवरच, म्हणजे फायबरवरच ठेवा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मीटिंग ॲपचे सर्व्हर ढिगाने असतात, एकेकाचा आयपी (नेटवरचा पत्ता) कुठे पकडत बसणार? त्यापेक्षा डाउनलोडलाच दुसऱ्या लाईनला बांधणं सोपं. क्यूबिटटोरेंट (टोरेंट डाउनलोडचं ॲप) वापरत असाल तर त्यात टूल्स, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे नेटवर्क इंटरफेसला वायफाय निवडा, झालं, मग मोठमोठ्या आयएसओ (डिस्कची अख्खी प्रत असलेल्या) फाइल खुशाल उतरवा, मीटिंगमध्ये आवाज तुटायचं ते एक कारण तरी गेलं.

बॅकअप सर्व्हरसारखा एकच ठरलेला आयपी असेल तर तो पण दुसऱ्या लाईनने न्यायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून असं द्या, आयपी अर्थात तुमचा:

route -p add 198.51.100.20 mask 255.255.255.255 192.168.2.1

-p असल्यामुळे रीस्टार्टनंतर पण टिकतं. मग त्याच आयपीवर tracert (कुठल्या वाटेने जातं ते दाखवणारी कमांड) मारा, पहिल्याच ओळीत 192.168.2.1 दिसलं पाहिजे.

आणि फायबर बाहेर कुठेतरी तुटली तरी राउटर चालू आहे तोवर विंडोज लॅनच धरून बसतं, अशा वेळी लॅनची केबल काढा, सगळं वायफायवर येईल.